घाबरण्याची पूर्वतयारी

घाबरलेल्या माणसाने दाबावयाचे बटण ज्या कोणी बाजारात आणले, त्या गृहस्थाला स्वतःच्या आयुष्यात घाबरण्याचा प्रसंग एकदाही आला नसावा, असे ते बटण घरात बसवून घेतल्यापासून माझे ठाम मत झाले आहे. कारण घाबरलेल्या मनुष्याच्या ठिकाणी ज्या ज्या गोष्टी हटकून नसतात, म्हणजे स्थिर बोटे, शाबूत स्मरणशक्ती, डोळ्यांवर चष्मा आणि एका जागी तीन सेकंद उभे राहण्याचे धैर्य, त्या सर्वांची हे यंत्र निःसंकोचपणे अपेक्षा करते.

आमच्या घरी या यंत्राचा प्रवेश झाला तो चिरंजीवांच्या आग्रहामुळे. चिरंजीव टोरांटोला असतात, आणि पुण्यातील प्रत्येक घरफोडीची बातमी आमच्या गल्लीत पसरण्यापूर्वी त्यांच्या फोनवर जाऊन पोहोचलेली असते. ‘बाबा, तुम्ही दोघंच असता तिथे,’ हे वाक्य ते दर रविवारी अशा काही स्वरात उच्चारीत, की ते स्वतः इथे असते तर पुणे शहरातील यच्चयावत चोरांचा बंदोबस्त त्यांनी जातीने केला असता. वास्तविक लहानपणी भिंतीवर पाल दिसली तरी हेच चिरंजीव पलंगावर चढून मातोश्रींच्या नावाने टाहो फोडीत. महसूल खात्यातून पेन्शनीत निघालेल्या कारकुनाच्या घरात चोराने न्यावे असे आहे तरी काय, असा आक्षेप मी घेतला, आणि पुराव्यादाखल माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणालो, ‘फार तर ही पुस्तकं नेईल.’

‘ती नेणार असेल तर मी त्याला चहा टाकीन,’ सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली. माझ्या आक्षेपाची सुनावणी तिथेच संपली.

यंत्रणेचा मुख्य सरंजाम एका तरुण कारागिराने एका दुपारीत बसवून दिला: दरवाजाच्या चौकटीवर लोहचुंबक, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात चालत्या माणसाची ऊब ओळखणारा डोळा, गॅलरीत भोंगा आणि या सर्वांची आज्ञा चालविणारी मुख्य पेटी. ही पेटी त्याने पोटमाळ्याच्या वर, छतालगत ठोकली. ‘चोराचा हात पोहोचायला नको, काका,’ असे त्याचे स्पष्टीकरण होते, आणि जिथे धडधाकट चोराचा हात पोहोचत नाही तिथे अडुसष्ट वर्षांच्या यजमानाचा कसा पोहोचावा, या प्रश्नाचा विचार त्याच्या कार्यकक्षेत येत नसावा. हातात धरावयाचे बिनतारी बटण मात्र कुरियरने मागाहून येणार होते. ‘ते तुम्हीच जोडून घ्या. काही नाही त्यात. पेटी लर्निंगला टाकायची, बटण दाबायचं, टूं वाजलं की झालं.’ ज्या कामाविषयी ‘काही नाही त्यात’ असे म्हटले जाते, त्या कामात माणसाचा अख्खा महिना खर्ची पडतो, हे सरकारी नोकरीत मी पुरते शिकलेलो आहे.

बटण येईपर्यंतच्या अवकाशात मी या विषयाचे थोडेसे वाचन केले. संकटात सापडलेल्याने दुरून वर्दी देण्याची तजवीज आपल्याकडे अगदीच नवी नाही. 1605 साली तख्तावर बसताच जहांगीर बादशहाने पहिला हुकूम सोडला तो न्यायाच्या साखळीचा, असे त्याने स्वतःच्या आत्मवृत्तात नमूद करून ठेवले आहे. साखळी शुद्ध सोन्याची, 30 गज लांब, तिला 60 घंटा. एक टोक आग्ऱ्याच्या किल्ल्यातील शाहबुर्जाला आणि दुसरे यमुनेच्या काठावरील दगडी खांबाला बांधलेले. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने ती ओढावी आणि घंटांचा नाद थेट बादशहाच्या कानी जावा. योजना उदात्त, शिवाय बॅटरी बदलण्याची यातायात नाही. सोन्याच्या साखळीला हात घालणारा मनुष्य फिर्यादी आहे की चोर, हे तिथल्या पहारेकऱ्यांनी कोणत्या लक्षणांवरून ओळखावयाचे, तेवढे मात्र मला अद्याप उमगलेले नाही.

पुढे 1853 साली ऑगस्टस पोप नामक अमेरिकन गृहस्थाने विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की विजेचे मंडल पुरे होऊन आत घंटा बडवली जाई. पण मला विशेष वाटले ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेचे. पाळ्यांच्या नोकरीमुळे अवेळी घरी एकटीने राहावे लागे, बोलावलेले पोलीस सावकाश येत, तेव्हा तिने स्वतःच घराच्या रक्षणाची एक यंत्रणा आखली: दाराच्या निरनिराळ्या उंचीच्या छिद्रांमागून बाहेर पाहणारा कॅमेरा, आत चित्र दाखविणारा पडदा, दुरून कडी काढण्याची सोय आणि मदत मागविण्याचे बटण. 1966 साली तिने अर्ज केला, 1969 साली पेटंट मिळाले, आणि पती अल्बर्ट हे विद्युत् उपकरणांचे जाणकार असल्यामुळे त्यावर दोघांचीही नावे लागली. ही हकीकत मी मोठ्या कौतुकाने घरात वाचून दाखविली, तेव्हा ‘तिला निदान तारा जोडणारा तरी मिळाला होता,’ एवढाच अभिप्राय प्राप्त झाला. ते असो. मूळ कल्पना खऱ्याखुऱ्या भीतीपोटी जन्माला आली, यात संशय नाही. माझी तक्रार त्या बाईंविरुद्ध नसून त्या कल्पनेवर पुढे माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांविरुद्ध आहे.

बटण आले. सुपारीच्या डबीएवढा पांढरा चौकोन, मध्यभागी लाल वर्तुळ, आणि गळ्यात अडकविण्यासाठी एक काळी दोरी. सोबतची पुस्तिका सहा भाषांत होती, त्यांपैकी जी इंग्रजी म्हणून ओळखू येत होती तिच्यात क्रियापदे क्वचितच भेटत. तिच्यातून भावार्थ काढला तो असा: मुख्य पेटीवरील बारीक कळ दाबली असता पेटी शिकाऊ अवस्थेत जाते आणि दिवा लागतो, दिवा लागलेला असताना पहिला जो संकेत तिच्या कानी पडेल तो ती आपल्या मालकाच्या भीतीचा संकेत म्हणून कायमचा ध्यानात ठेवते.

मी स्टुलावर आणि सौभाग्यवती खाली बटण घेऊन, अशी तैनाती झाली.

‘दाबू?’

‘थांब. दिवा लागायचाय.’

‘लागला का?’

‘मला चष्म्याशिवाय दिसत नाही. तुला दिसतोय का?’

‘मी तुम्हाला धरू, बटण धरू, की दिवा बघू?’

या त्रिविध जबाबदारीविषयी आमचा वाद चालू असतानाच पेटीने ‘टूं’ असा स्पष्ट आणि समाधानी उद्गार काढला. ‘दाबलंस ना?’ ‘छे, दाबू कशी? तुम्ही थांब म्हणालात!’ तथापि पेटी शिकली होती, हे निर्विवाद होते; काय शिकली, याची चौकशी करण्याच्या मनःस्थितीत आम्ही कोणीही नव्हतो, आणि स्टूल डगमगत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा झाला. 110 डेसिबल हा आकडा खोक्यावर छापलेला मी वाचला होता, पण आकडा वाचणे वेगळे आणि साखरझोपेत तो कानात शिरणे वेगळे. घरात चोर नव्हता, बटण टेबलावर निमूटपणे पडले होते. भोंगा पुन्हा आठच्या सुमारास झाला, मग दुपारी चारला, मग संध्याकाळी मधूनमधून. यंत्रणा बंद करून पाहिली तरी उपयोग होईना, कारण संकटाच्या बटणाला सुटी नसते. बाकीचे पहारेकरी बरखास्त असले तरी ते चोवीस तास हजेरीवर असते, असे पुस्तिकेच्या एका कोपऱ्यात लिहिलेले आढळले. मी विजेच्या दाबापासून पालीपर्यंत अनेक उपपत्ती मांडल्या. कारागीर फोनवर म्हणाला, ‘बॅटरी वीक असेल, काका.’ आजच्या जगात ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसते त्याचे उत्तर बॅटरी असे देण्याची वहिवाट आहे.

कोडे उलगडले ते सौभाग्यवतीने, तेही पोळ्या लाटता लाटता. ‘अहो, समोरच्यांकडे दूधवाला आला की आपला भोंगा होतो. त्यांची बाई आली की होतो. चारला त्यांच्याकडे शिकवणीची पोरं येतात.’ आणि खरोखरच तसे होते! समोरच्या बिऱ्हाडाने नुकतीच बिनतारी दारघंटी लावली होती. आमची पेटी विद्यार्थिदशेत असताना नेमके कोणीतरी तिकडचे बटण दाबले, आणि पेटीने शेजाऱ्यांची दारघंटी हीच आमची आणीबाणी असे मनोभावे पाठ करून टाकले. ‘दोन्ही 433 मेगाहर्ट्झवर चालतात ना, काका, आणि कोडही एकाच जातीचे,’ असा खुलासा आता कारागिराने केला.

शेजाऱ्यांना हे सांगणे मला अवघड वाटत होते. त्यांचे मेव्हणे आदल्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते, आणि घंटीला बोट लावताच आमच्या गॅलरीतून जो आक्रोश उठला, त्याने ते पुड्यासकट जिना उतरून गेले होते, असे ऐकले होते. मी दिलगिरीच्या सुरात सर्व हकीकत निवेदन केली. शेजारी क्षणभर विचारात पडले आणि मग हळूच म्हणाले, ‘फार घाई नाही हो. राहू द्या अजून थोडे दिवस. वर्गणीवाले यायचे बंद झालेत.’

एवढ्या सर्व काळात आमच्या सोसायटीतील एकाही मनुष्याने ‘काय झाले?’ असे विचारले नाही, ही गोष्ट मला नमूद केली पाहिजे. सर्वांनी ‘बंद कधी होणार?’ असे विचारले. भोंगा झाला की दिवे लागत, पण खिडक्या उघडत नसत. उघड्या असतील त्या मिटत. आपण मदतीसाठी हाक मारीत आहोत की शेजाऱ्यांना त्यांच्या खिडक्यांच्या कड्या तपासण्याची आठवण करून देत आहोत, असा मला संभ्रम पडे. अखेर सेक्रेटरींचे पत्र आले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांन्वये निवासी विभागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात 45 डेसिबल इतकी असून, सबब आपला भोंगा तेवढ्यात बसवावा, असा त्यातील मजकूर होता. पत्रव्यवहार हा माझा आयुष्यभराचा पेशा असल्यामुळे मी त्याच दिवशी उलट टपाली विचारणा केली, की चोरास रात्री दहाच्या आत आटोपण्याविषयी सोसायटीमार्फत सूचना देता येईल काय? या पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही. मात्र इमारतीच्या दप्तरी ते ‘विचाराधीन’ म्हणून दाखल झाल्याचे रखवालदाराकडून समजते.

पेटीला जे शिकविले ते विसरायला लावणे सोपे होते: तीच बारीक कळ बराच वेळ दाबून धरावयाची. परंतु ती विसरली म्हणजे सर्वस्व विसरली. दाराचे चुंबक, कोपऱ्यातला डोळा, भोंगा गप्प करण्याचा रिमोट, कोणाचीच ओळख तिला राहिली नाही. तेव्हा नव्याने तालीम सुरू झाली. या खेपेस समोरच्यांना घंटीला हात न लावण्याची विनंती केली, स्टूल धरण्यास रखवालदार बोलावला, आणि बटण एकदाचे पेटीच्या स्मरणात विराजमान झाले.

मग उद्भवला तो टेलिफोनच्या यादीचा प्रश्न. पेटीच्या पोटात सिमकार्ड असते. बटण दाबले की भोंग्याबरोबर ती नेमून दिलेल्या क्रमांकांना एकामागून एक फोन करते आणि आगाऊ ध्वनिमुद्रित केलेला निरोप ऐकविते. पोलिसांचा क्रमांक घालावा असे मला वाटत होते. ‘नको, काका,’ कारागीर म्हणाला, ‘सुरुवातीला पालीसुद्धा धरल्या जातात.’ राहिले आप्तेष्ट. पहिला क्रमांक चिरंजीवांचा, याविषयी दुमत नव्हते, जरी टोरांटोहून येऊन चोर धरण्यास त्यांना किमान एक दिवस लागला असता. दुसऱ्या जागेसाठी मेव्हण्यांचे नाव सुचविण्यात आले, तेव्हा माझ्या बाजूचे कोणीच कसे नाही, असा प्रश्न मी उपस्थित केला. परिणामी केवळ समतोल राखण्यासाठी माझ्या साताऱ्याच्या मामेभावाचे नाव अगदी शेवटी घालण्यात आले. संकटप्रसंगी कोण धावून येईल, यापेक्षा यादीत नाव नसल्याचे कळल्यास कोण रुसेल, या निकषावर ती यादी सिद्ध झाली. लग्नपत्रिकेवरील प्रेषकांची नावे याहून कमी चर्चेत ठरतात.

निरोपाच्या ध्वनिमुद्रणास दहा सेकंद मिळतात. हयातभर अहवाल लिहिलेल्या मनुष्याला दहा सेकंद म्हणजे पुरता मायनाही होत नाही. मी तीन-चार मसुदे केले, त्यांतील सर्वांत संक्षिप्त निवडला, घसा साफ केला, आणि धीरगंभीर आवाजात सांगावयास प्रारंभ केला: ‘सप्रेम नमस्कार. आपणांस कळविण्यास अत्यंत दुःख होते, की आज आमच्या राहत्या घरी अकस्मात...’ इथे वेळ संपली. पुढचे चोराच्या आगमनाचे वाक्य, जे माझ्या मते मसुद्याचा कळस होते, ते यंत्राने घेतलेच नाही. पण ही गोष्ट त्या वेळी कोणी निरोप पुन्हा ऐकून पाहिला असता तर कळावयाची.

रात्री जेवणानंतर चाचणीसाठी बटण दाबले. लाल वर्तुळ नुसते दाबून चालत नाही, तीन सेकंद दाबून धरावे लागते, ते धरले. भोंगा झाला, थांबविला, आणि कोणाचाच फोन उलट न आल्याने फोनची शाखा नादुरुस्त असावी असे समजून आम्ही झोपलो. मागाहून तपशील मिळाला तो असा. टोरांटोला तेव्हा भर कामाची वेळ. चिरंजीव बैठकीत होते, त्यांनी फोन कापला. मेव्हणे रात्री फोन बंद ठेवतात, कारण त्यांच्या मते हल्ली फोनवरूनच चोऱ्या होतात. फोन उचलला तो फक्त साताऱ्याच्या मामेभावाने, ज्याचे नाव केवळ तो रुसू नये म्हणून घातले होते.

सकाळी दाराची घंटी वाजली. दारात मामेभाऊ उभा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला हार, चेहरा उतरलेला. मी दार उघडताच तो दोन पावले मागे सरला.

‘तू?’

‘मग कोण?’

‘म्हणजे... वहिनी?’

वहिनी चहा घेऊन बाहेर आली. मामेभावाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. त्याला आनंद झाला, हे मी शपथेवर सांगेन, परंतु त्या आनंदात एक प्रशासकीय अडचण स्पष्ट दिसत होती. ‘पहाटेच्या एस.टी.ने आलोय,’ तो म्हणाला, ‘रजेच्या अर्जात कारण लिहून दिलंय. साहेबांनी स्वतः सांत्वन केलं.’ आता अर्ज मागे घेणे त्याला प्रशस्त वाटेना. हार देवांच्या तसबिरींना घातला, आणि मंजूर झालेली रजा तो आमच्याकडे अतिशय मनमोकळेपणाने उपभोगून गेला. साताऱ्यात मला ओळखणारी काही मंडळी आहेत. त्यांच्यापुरता मी अजून कोणत्या अवस्थेत आहे, हे विचारण्याचे धाडस झालेले नाही.

त्यानंतर निरोप बदलण्याचे काम माझ्याकडून काढून घेण्यात आले. सौभाग्यवतीने पेटीसमोर उभे राहून, कोणताही मसुदा न करता, ‘अहो धावा, घरात कुणीतरी शिरलंय!’ एवढेच शब्द उच्चारले, आणि ते अशा आर्त स्वरात, की शेजारच्या खोलीत बसलेला मी चप्पल न घालता जिन्यापर्यंत गेलो होतो. चोराच्या दिशेने की उलट, याविषयी घरात दोन मते आहेत.

आता बटण कुठे ठेवावे, एवढाच मुद्दा उरला. गळ्यात घालावे अशी चिरंजीवांची सूचना होती. ते सौभाग्यवतीच्या गळ्यात मंगळसूत्राशी आणि माझ्या गळ्यात जानव्याशी गुंतले. खिशात ठेवले तर ते माझ्याबरोबर मंडईत येई, जिथून पेटीला काही ऐकू जाणे शक्य नव्हते. उशाखाली ठेवले असता कुशीवर वळताना तीन सेकंदांची अट माझ्या देहभाराने आपोआप पूर्ण झाली, आणि सेक्रेटरींनी आणखी एक पत्र लिहिले. अखेरीस धूळ बसू नये म्हणून ते टीव्हीच्या रिमोटप्रमाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून रबर लावण्यात आले, आणि चोराच्या हाती लागू नये म्हणून लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात कुलूपबंद झाले. कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. चोर शिरल्याची खात्री पटताच प्रथम दिवा लावावयाचा, चष्मा शोधावयाचा, तांदळात हात घालून किल्ली काढावयाची, कपाट उघडावयाचे, रबर सोडावयाचे आणि मग शांत चित्ताने तीन सेकंद दाबून धरावयाचे, असा क्रम मी सुवाच्य अक्षरात लिहून कपाटाच्या आतल्या बाजूस डकविला आहे.

‘बाहेरच्या बाजूला लावा,’ असे सौभाग्यवतीचे म्हणणे पडले.

‘म्हणजे चोर वाचेल!’

दरम्यान चिरंजीवांनी कळविले आहे, की 1 जानेवारी 2017 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये अशी सोय कायद्यानेच असते, आणि स्मार्टफोनची चालू-बंद करण्याची कळ झटपट तीनदा दाबली तरी मदतीची हाक जाते. हे त्यांनी आधी का कळविले नाही, असे विचारता ते म्हणाले, ‘मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.’

वाचकांपैकी कोणी हे यंत्र घेणार असल्यास त्यांनी पेटी शिकाऊ अवस्थेत घालण्यापूर्वी मजल्यावरील सर्व बिऱ्हाडांना आपापल्या दारघंटीपासून दूर राहण्याची लेखी सूचना द्यावी आणि तिच्यावर सह्या घ्याव्यात. निरोपाचा मसुदा स्वतः करू नये. आमच्याकडील मजकूर आजमावलेला असून मागणीप्रमाणे नकलून मिळेल. मात्र तो कुटुंबातील स्त्रीच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावा, आणि साताऱ्याचा क्रमांक यादीत पहिला घालावा.